गिअर सुटला आणि पास्कल सापडला: ऑटोमॅटिक गाडीची व्हॉल्व्ह बॉडी आणि ब्लेझ पास्कलचं आयुष्य



तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर एक गंमत करून बघा. सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं फुकट ॲप टाका आणि हवेचा दाब बघा. आकडा हेक्टोपास्कलमध्ये दिसेल, समुद्रकाठी साधारण १०१३ च्या आसपास. आता जिन्याने तीन मजले वर जा. आकडा साधारण एकाने खाली आलेला असेल.

पास्कल हा शब्द आपण शाळेत दाबाचं एकक म्हणून पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. मीही विसरलो होतो. मला तो माणूस परत भेटला तो एका गॅरेजमध्ये, मामाच्या बिघडलेल्या गाडीखाली. आज त्याचीच गोष्ट सांगतो. सोबत ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे काय, ती बिघडली हे कसं ओळखायचं आणि ती दुरुस्त कशी होते, हेही बघू.

मामाची गाडी आणि माझी चूक

मामाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद झालं. म्हणून त्याने सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी घेतली, टॉर्क कन्व्हर्टरवाली. वर्षभर सगळं छान चाललं. मग एक त्रास सुरू झाला. गाडी गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं, आरपीएम वर जायचे, गाडी पुढे जायची नाही आणि मग जोरात दणका बसायचा. एकदा घाटात मागे ट्रक असताना असं झालं. त्या दिवसापासून मामीने त्या गाडीत बसणं सोडलं.

मामा एका गॅरेजमध्ये गेला. तिथे स्कॅनर लावला, पी ०७३३ हा कोड आला. याचा अर्थ तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर चुकतंय. निकाल लगेच लागला: पूर्ण गिअरबॉक्स बदला. सांगितलेली रक्कम गाडीच्या निम्म्या किमतीच्या जवळ जात होती. मामाने मला फोन केला, कारण घरातला इंजिनिअर मी. मी कोड गुगल केला आणि सांगून मोकळा झालो की मशीनच सांगतंय म्हणजे खराबच असणार. मामाने गाडी विकायचं ठरवलं. गाडी गेली असती तर त्याचं घराबाहेर पडणंच बंद झालं असतं.

खरं तर ऑफिसमध्ये मी ज्युनिअर मुलांना रोज उलटं सांगतो. एरर जिथे दिसते तिथेच बग असतो असं नाही. कोड फक्त एवढंच सांगतो की गडबड कुठे लक्षात आली. पण मामाच्या गाडीच्या वेळी मी हे साफ विसरलो.

विकण्याआधी मामाने गाडी अजून एका वयस्कर मिस्त्रींना दाखवली. त्यांनी स्कॅनर बाजूला ठेवला, गिअरबॉक्सच्या अंगावरचं एक छोटं बूच काढलं आणि तिथे प्रेशर गेज लावला. काट्यामागच्या तबकडीवर दोन मापं होती, बार आणि किलोपास्कल. माझी आणि पास्कलची गाठ पडली ती अशी.

आधी व्हॉल्व्ह बॉडी समजून घेऊ

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आत अनेक क्लच असतात. कोणता क्लच धरायचा आणि कोणता सोडायचा यावर कोणता गिअर लागणार हे ठरतं. हे क्लच तेलाच्या दाबाने धरले जातात. ते तेल कुठे, कधी आणि किती दाबाने पाठवायचं, हे काम व्हॉल्व्ह बॉडीचं.

दिसायला हा ॲल्युमिनियमचा एक चपटा ठोकळा. त्यात वाळवीने पोखरल्यासारख्या नागमोडी वाटा. त्या वाटांमध्ये स्प्रिंग लावलेले, पुढे-मागे सरकणारे दंडगोल व्हॉल्व्ह, काही छोट्या गोळ्या, मध्ये भोकांची एक पातळ पत्र्याची प्लेट आणि आजच्या गाड्यांमध्ये विजेवर चालणारे सोलेनॉइड. व्हॉल्व्ह आणि त्याच्या भोकातली फट आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते.

आता गंमत बघा. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स आणला. मोठ्या प्रमाणावर बनलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यात चिप नव्हती, कोड नव्हता. गाडीचा वेग वाढला की एका बाजूने तेलाचा दाब वाढायचा, ॲक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या बाजूने. दोन्ही दाब एका व्हॉल्व्हला समोरासमोर ढकलायचे. वेगाचा दाब जिंकला की व्हॉल्व्ह सरकायचा आणि वरचा गिअर पडायचा. म्हणजे इफ आणि एल्स चक्क तेलात लिहिलेलं! व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेलावर चालणारा कॉम्प्युटर.

आणि आता योगायोग. ज्या माणसाने बंदिस्त द्रवातला दाब समजावून सांगितला, त्यानेच त्याच्या कितीतरी आधी आकडेमोड करणारं यंत्रही बनवलं होतं.

कोळशाने काढलेली भूमिती

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँ गावातला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन हे करखात्याच्या न्यायालयात अधिकारी होते आणि स्वतः गणिताचे चांगले जाणकार. मोठी बहीण जिल्बेर्त, धाकटी जॅकलीन. १६३१ मध्ये वडील मुलांना घेऊन पॅरिसला आले आणि मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवू लागले.

त्यांची एक अट होती. आधी भाषा, गणित नंतर. गणिताची गोडी लागली की पोरगं बाकी काही शिकणार नाही, अशी भीती. झालं नेमकं उलटं. जिल्बेर्तने लिहून ठेवलंय की बारा वर्षांचा ब्लेझ कोळशाने फरशीवर आकृत्या काढत बसायचा आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी होते हे त्याने स्वतःच शोधून काढलं. मग वडिलांनी हार मानली आणि युक्लिडचं पुस्तक हातात दिलं. सोळाव्या वर्षी त्याने शंकूच्या छेदांवर निबंध लिहिला. त्यातलं एक प्रमेय आजही त्याच्या नावाने शिकवतात.

मात्र घरावर संकट आलं होतं. १६३८ मध्ये सरकारने कर्जरोख्यांचं व्याज थकवलं. त्याविरुद्ध बोलणाऱ्यांत एतिएन होते. अटकेच्या भीतीने त्यांना पॅरिस सोडून लपावं लागलं. पुढच्या वर्षी लहानग्या जॅकलीनने मुख्यमंत्री रिशल्यूसमोर एका नाटकात काम केलं आणि नंतर वडिलांसाठी माफी मागितली. माफी मिळाली. इतकंच नाही, एतिएन यांना रुआँ शहरात करवसुलीचं मोठं पदही मिळालं.

वडिलांचे हिशेब आणि पास्कलिन

रुआँमध्ये वडील रात्र रात्र हिशेब करत बसायचे. फ्रेंच चलनात तेव्हा १२ दनिए म्हणजे १ सोल आणि २० सोल म्हणजे १ लिव्र. आजोबांकडून आणे-पैचे हिशेब ऐकले असतील तर ही डोकेदुखी तुम्हाला कळेल.

१६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ब्लेझने हिशेब करणारं यंत्र बनवायला घेतलं. चाकं फिरवून आकडे टाकायचे, उत्तर वरच्या खिडक्यांमध्ये दिसायचं. खरी अडचण हातच्याची होती. ९९९९९९ मध्ये १ मिळवला तर सगळी चाकं एकदम फिरायला हवीत. तेवढा जोर एका चाकातून आणला तर दाते तुटतील. त्याने उपाय काढला तो असा: चाक ० कडून ९ कडे जाताना एक वजनदार दांडी हळूहळू उचलली जाते आणि ९ वरून ० येताच ती पडून शेजारच्या चाकाला एक घर पुढे ढकलते. म्हणजे ताकद आधीच साठवून ठेवलेली. चाकं उलटी फिरत नव्हती, म्हणून वजाबाकीसाठी त्याने नऊच्या पूरक संख्या वापरल्या. कॉम्प्युटरमध्ये आपण टूज कॉम्प्लिमेंट शिकतो, ही त्याचीच थोरली बहीण.

यासाठी त्याने पन्नासच्या आसपास नमुने बनवले. लाकडाचे, हस्तिदंताचे, तांब्याचे. मधेच रुआँच्या एका घड्याळवाल्याने नुसत्या ऐकीव माहितीवर तसंच एक यंत्र बनवलं. बाहेरून चकाचक, आतून निरुपयोगी. ते बघून ब्लेझ इतका खचला की त्याने कारागिरांना घरी पाठवलं आणि काही काळ काम थांबवलं. चांसलर सेगिए यांनी धीर दिल्यावर ते परत सुरू झालं. १६४५ मध्ये तयार यंत्र त्यांनाच अर्पण केलं आणि १६४९ मध्ये राजाकडून बनवण्याचा एकाधिकार मिळाला. यंत्र महाग होतं, फारसं विकलं गेलं नाही. पण त्यातली काही आजही पॅरिसच्या संग्रहालयात बघायला मिळतात.

पाऱ्याची नळी

१६४६ च्या ऑक्टोबरमध्ये पिएर पेती नावाचे एक अभियंता रुआँला आले. इटलीत तोरिचेल्लीने केलेला प्रयोग त्यांनी सांगितला. एक बाजू बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरा आणि पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करा. पारा थोडा खाली येतो आणि साधारण ७६ सेंटीमीटरवर थांबतो. वर जागा रिकामी राहते.

त्या रिकाम्या जागेत काय आहे? विद्वानांचं मत असं की निसर्गाला पोकळी चालतच नाही, त्यामुळे तिथे काहीतरी असलंच पाहिजे, बहुधा द्रवाची वाफ. ब्लेझने वाद घालण्याऐवजी एक युक्ती केली. रुआँमध्ये काचेचं काम उत्तम व्हायचं. त्याने ४६ फुटी नळ्या बनवून घेतल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या, एकीत पाणी भरलं आणि दुसरीत वाइन. मग लोकांना विचारलं की कोण जास्त खाली उतरेल. वाइनची वाफ जास्त होते, म्हणून वाइन जास्त खाली जाईल असं वाफवाल्यांचं म्हणणं. नळ्या उभ्या केल्या तर वाइन पाण्यापेक्षा वरच थांबली, कारण ती पाण्यापेक्षा हलकी. वाफेचा प्रश्नच नव्हता, प्रश्न वजनाचा होता.

इथे मला गॅरेज आठवतं. दोन कारणं समोर असतील तर अशी चाचणी शोधा, ज्यात दोघांची उत्तरं वेगळी येतील. निदान म्हणजे हेच.

डोंगरावर पाठवलेला भावोजी

आता पुढचा प्रश्न. पारा वर धरून ठेवतं कोण? बाहेरच्या हवेचं वजन असेल, तर उंचावर हवा कमी, म्हणून पारा खाली यायला हवा. तपासायचं कुठे? गावाकडचा प्यू द दोम हा डोंगर १,४६५ मीटर उंच. पण ब्लेझची तब्येत तेव्हा फार वाईट होती. डोकेदुखी, पोटदुखी, कधी कधी चालणंही मुश्कील. म्हणून १६४७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने जिल्बेर्तचा नवरा फ्लोरँ पेरिए याला पत्र लिहून हे काम सोपवलं.

१९ सप्टेंबर १६४८ ला पेरिए गावातले काही जाणते लोक घेऊन निघाला. आधी खाली, मठाच्या बागेत दोन नळ्या उभ्या केल्या. दोन्हींत पारा अगदी सारख्या उंचीवर. मग एक नळी तिथेच ठेवली आणि एका साधूला दिवसभर तिच्याकडे बघत बसायला सांगितलं. दुसरी घेऊन सगळे वर गेले. शिखरावर पारा तीन फ्रेंच इंचांहून थोडा जास्त, म्हणजे साधारण साडेआठ सेंटीमीटर खाली होता. पेरिएने तिथे पाच वेगवेगळ्या ठिकाणी तपासलं. छपराखाली, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात. आकडा तोच. उतरताना मध्ये एकदा मोजलं तर पारा अधलामधला. आणि खाली बसलेल्या साधूच्या नळीत दिवसभरात काहीच हललं नव्हतं.

मित्रांनो, या गोष्टीतला खरा हिरो मला तो साधू वाटतो. तो खाली बसला नसता तर कोणीही म्हटलं असतं की हवामान बदललं म्हणून पारा उतरला. फक्त एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि न बदललेल्या गोष्टीवरही नजर ठेवा. पुढे ब्लेझने पॅरिसमधल्या सँ-जाक चर्चच्या मनोऱ्यावरही हेच करून पाहिलं. उंची कमी, म्हणून फरकही कमी, पण दिसण्याइतका. तुमच्या फोनमधला बॅरोमीटर जिन्यात हेच करतो.

मिस्त्रींचा डोंगर

आता गॅरेजमध्ये या. मिस्त्रींनी आधी तेल बघितलं. पातळी बरोबर होती. रंग तपकिरी, पण जळका वास नव्हता. मग गेज लावून गाडी थंड असताना मुख्य लाइनचा दाब मोजला, नंतर गाडी फिरवून गरम करून परत मोजला. दोन्ही वेळा दाब कंपनीच्या मर्यादेत. म्हणजे पंप ठीक. ही आपली खालची, साधूवाली नळी. बिघाड असेल तर मुख्य लाइन आणि तिसऱ्या गिअरचा क्लच यांच्या मधे कुठेतरी.

मग सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजला. तोही बरोबर. आता खालचं पॅन उघडलं. चुंबकावर बारीक राखाडी चिखल होता, तेवढा असतोच. क्लचच्या पट्ट्यांचे तुकडे मात्र नव्हते. व्हॉल्व्ह बॉडी उतरवली आणि तिसऱ्या गिअरच्या क्लचकडे जाणाऱ्या भोकात बेताने कॉम्प्रेसरची हवा सोडली. आतून ठप्प असा आवाज आला आणि हवा धरून राहिली. पिस्टन हलतोय, सील शाबूत आहे. ज्या क्लचसाठी पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा सल्ला मिळाला होता, तो क्लच चांगला होता!

उरली फक्त व्हॉल्व्ह बॉडी.

दोन पिस्टन आणि एक टन जोर

इथे पास्कलचा नियम लागतो. ब्लेझने १६५४ च्या सुमारास द्रवांच्या समतोलावर एक ग्रंथ लिहून पूर्ण केला. तो छापला गेला मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये. त्यात त्याने एक बंद भांडं कल्पिलं आहे. पाण्याने भरलेलं, दोन तोंडांचं, एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. दोन्हींवर पिस्टन. छोट्या पिस्टनवर एक माणूस जोर लावेल तर मोठ्या पिस्टनवर शंभर माणसांचा जोर पेलतो. कारण बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पण फुकट काही नाही, हेही त्याने तिथेच सांगितलं. छोटा पिस्टन शंभर इंच सरकेल तेव्हा मोठा एक इंच सरकेल.

आता गाडीतला हिशेब करू. समजा तेलाचा दाब १० बार, म्हणजे १० लाख पास्कल. क्लचच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर. दाब गुणिले क्षेत्रफळ केलं की जोर येतो १०,००० न्यूटन, म्हणजे जवळपास एक टन वजनाइतका. एवढ्या जोराने क्लच आवळला जातो. आता वाटेत गळती होऊन दाब निम्मा झाला तर जोरही अर्धा टनच. क्लच घसरतो, इंजिन ओरडतं. मामाच्या गाडीत होत होतं ते हेच.

पण गरम झाल्यावरच का? कारण थंड तेल घट्ट असतं, ते झिजलेल्या फटीतून फारसं निसटत नाही. गरम तेल पातळ होतं आणि वाट मिळेल तिथून पळतं. ती गळती मुख्य लाइनच्या मानाने छोटी, पंप ती सहज भरून काढतो. म्हणून तिथलं गेज ठीक दाखवत राहिलं.

फट शोधायला मिस्त्रींनी व्हॅक्यूम पंप काढला. व्हॉल्व्ह जागेवर ठेवून त्या वाटेतली हवा ओढायची आणि काटा कुठे टिकतो ते बघायचं. आधी शेजारच्या, त्याच मापाच्या चांगल्या व्हॉल्व्हवर लावला, काटा २० वर टिकला. मग संशयित व्हॉल्व्हवर, काटा ९ च्या पुढे जाईना. आणि हे आकडे कसले होते माहितीये? पाऱ्याच्या इंचांचे! पोकळी असूच शकत नाही असं जग म्हणत असताना ज्याने ती मोजली, त्याचंच माप पावणेचारशे वर्षांनी मामाच्या गाडीवर.

तिसऱ्या क्लचचा दाब ठरवणारा हा व्हॉल्व्ह सोलेनॉइडच्या तालावर सतत थरथरत असतो. वर्षानुवर्षं घाणेरड्या तेलात थरथरून त्याने ॲल्युमिनियमचं भोक झिजवलं होतं. अशा वेळी नुसतं धुऊन उपयोग नाही. भोक रीमरने किंचित मोठं करून त्यात मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो, किंवा व्हॉल्व्ह बॉडी बदलावी लागते. मिस्त्रींनी पहिला उपाय केला. सोबत नवं फिल्टर, कंपनीने सांगितलेलंच तेल, आणि शेवटी स्कॅनरने गिअरबॉक्सची जुनी शिकवण पुसून नव्याने शिकवणं. खर्च आला नव्या गिअरबॉक्सच्या साधारण पाचव्या हिश्शाइतका.

शेवटची वर्षं

ब्लेझचं पुढचं आयुष्य यंत्रांपासून दूर गेलं. १६५१ मध्ये वडील वारले. पुढच्या वर्षी जॅकलीन पोर्ट रॉयालच्या मठात निघून गेली, तिच्या वाट्याच्या पैशांवरून घरात कटुताही आली. १६५४ मध्ये जुगाराच्या एका प्रश्नावरून त्याने फर्माशी पत्रव्यवहार केला, त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया पडला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला एक खोल धार्मिक अनुभव आला. त्याची नोंद केलेला कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. तो कागद लोकांना सापडला तो त्याच्या मृत्यूनंतरच.

पोर्ट रॉयालच्या बाजूने त्याने टोपणनावाने अठरा पत्रं लिहिली, ती फ्रान्सभर गाजली आणि १६६० मध्ये राजाच्या हुकमाने जाळली गेली. १६६१ मध्ये जॅकलीन वारली.

तरीही एक शेवटचं काम राहिलं होतं. १८ मार्च १६६२ ला पॅरिसमध्ये घोडागाड्यांची एक नवी सेवा सुरू झाली. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, भाडं पाच सोल, प्रवासी असोत नसोत गाडी सुटणार. म्हणजे आजची सिटी बस! कल्पना ब्लेझची, मित्र द्यूक द रोआनेसची साथ. पण न्यायालयाने शिपाई आणि मजुरांना या गाड्यांत बसायला बंदी घातली. आपल्या वाट्याचा पैसा गरिबांसाठी वापरावा अशी ब्लेझची इच्छा होती.

त्याने एका गरीब कुटुंबाला स्वतःच्या घरात ठेवलं होतं. त्यांच्या मुलाला देवी आल्या तेव्हा त्या आजारी मुलाला हलवण्याऐवजी ब्लेझ स्वतः घर सोडून जिल्बेर्तकडे गेला. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ ला त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ३९. दाबाच्या एककाला त्याचं नाव १९७१ मध्ये मिळालं.

तुमच्या गाडीसाठी

आधी ओळखा, तुमच्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे. एएमटी असेल तर ही तेलाच्या वाटांची, क्लच धरणारी व्हॉल्व्ह बॉडी त्यात नसते, तिथे ॲक्च्युएटर मॅन्युअल गिअरबॉक्सलाच हलवतो. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये व्हॉल्व्ह बॉडी असते.

लक्षणं अशी: डी किंवा आर टाकल्यावर गाडी उशिरा पकडते, गिअर बदलताना दणका बसतो, आरपीएम उगाच वर जातात, एखादा गिअर लागतच नाही. हे थंड असताना होतं की गरम, कोणत्या गिअरला होतं, हे लिहून ठेवा. शक्य असेल तर सोबतच्या माणसाला मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगा. मिस्त्रींना याचा खूप उपयोग होतो.

तपासणीचा क्रम: तेलाची पातळी आणि वास, मग कोड आणि लाइव्ह डेटा, मग मुख्य लाइनचा दाब, मग सोलेनॉइड आणि वायरिंग, आणि शेवटी उघडून हवेची आणि व्हॅक्यूमची चाचणी. गिअरबॉक्स बदला असं कोणी म्हटलं तर एकच प्रश्न विचारा: दाब किती आला? आकडा सांगता येत नसेल तर दुसरीकडे जा.

स्वतः व्हॉल्व्ह बॉडी उघडू नका. एक छोटी गोळी चुकीच्या जागी गेली किंवा कापडाचा एक धागा आत राहिला तरी सगळं परत उघडावं लागतं. व्हॉल्व्हच्या धारेवर पॉलिश पेपर तर कधीच घासू नये, ती धार तीक्ष्णच असावी लागते. आणि तेल वेळच्या वेळी बदला. मामाच्या गाडीच्या आधीच्या मालकाने ते बदललं असतं तर हा लेखच झाला नसता.

मागच्या महिन्यात मामा मला त्याच घाटातून घेऊन गेला. मामी मागे बसली होती. मी फोनवर बॅरोमीटर उघडून बसलो होतो. गाडी गरम झाली, चढ आला, दुसऱ्यातून तिसरा गिअर पडला आणि कोणाला कळलंही नाही. फोनवरचा आकडा मात्र हळूहळू उतरत होता.